तिच्या वतीने

“मॅडम, खरं सांगा, मी ते केलं असेल का हो?”

हा प्रश्न कानात शिरला तेव्हा दीपमालाच्या एका हातात मेथीची जुडी होती आणि दुसऱ्या हातात फोन. चंदननगरच्या भाजीबाजारात संध्याकाळच्या गर्दीत कुणी कुणाला काहीही विचारतं, पण हे असलं? आपण चूक केली की नाही हे माणसाने स्वतःला विचारावं, आईला विचारावं, फार तर देवाला विचारावं. जिचा चेहरासुद्धा कधी पाहिला नाही अशा खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या बाईला कोण विचारतं? बोलत होती अफशीन. स्वारगेटजवळ मुख्य ऑफिस असलेल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ती कॉम्प्युटरचं सगळं बघायची. ती लॅब दीपमालाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरायची, म्हणून दोघींचं फोनवर बोलणं व्हायचं, एवढीच ओळख. मागच्या महिन्यात एका गुरुवारी भर दुपारी त्या लॅबचा आख्ख्या आठवड्याचा रिपोर्टांचा साठा पुसला गेला होता. परत आणायची सोय होती, तीही त्याच झटक्यात गेली. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांना पुन्हा बोलावून पुन्हा सुया टोचाव्या लागल्या, आणि त्यांना फोन करून शिव्या खायचं काम अफशीनच्याच गळ्यात पडलं, कारण पुसणारी तीच होती. म्हणजे तसं सॉफ्टवेअरच्या नोंदीत होतं. तारीख, वेळ आणि पुढे तिचं नाव.

“साहेब म्हणतात, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही,” अफशीन म्हणाली. रडत नव्हती, तेच जास्त वाईट होतं. “मला आधी पक्कं आठवत होतं, मी तेव्हा डबा खात होते. भेंडीची भाजी होती. पण महिनाभर सगळे तेच तेच विचारतायत ना, मॅडम, आता मलाच वाटायला लागलंय की खाता खाता हात लागला असेल. भेंडी होती की गवार, तेही आता सांगता येत नाही. उद्या बारा वाजता साहेबांच्या केबिनमध्ये कबूल करायचंय. कबूल केलं तर राजीनामा घेऊन सोडतील, नाही केलं तर काढून टाकतील. अब्बू म्हणतात, कबूल करून मोकळी हो, बेटा. मी करणार आहे. फक्त त्याच्या आधी तुम्हाला विचारावंसं वाटलं. ते सॉफ्टवेअर तुम्ही बनवलंय ना.”

“मी बघते. उद्या सांगते,” असं काहीतरी पुटपुटून दीपमालाने फोन ठेवला आणि तशीच उभी राहिली. “ताई, घ्यायचीय का नुसती कुरवाळायचीय?” भाजीवाली म्हणाली, तेव्हा तिला कळलं की मेथीची पानं आपल्या मुठीत पार चुरगळली आहेत. तिने मुकाट्याने ती जुडी घेतली.

ते सॉफ्टवेअर तुम्ही बनवलंय ना. हे पूर्ण खरं नव्हतं आणि खोटंही नव्हतं. त्याचं नाव ‘एकछत्र’. हल्ली कुणी आपले सर्व्हर आपल्या घरात ठेवत नाही. दूर कुठेतरी भाड्याने घेतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला असलं काहीतरी वापरतात. एकछत्रात शे-दीडशे गिऱ्हाइकं एकत्र नांदायची, एखाद्या सोसायटीत बिऱ्हाडं नांदावीत तशी. टाकी एक, जिना एक, पण दारं वेगळी, आणि एकाच्या घरातली कुजबुज दुसऱ्याला ऐकू जाता कामा नये. कुणाला कुठलं दार उघडेल, आत गेल्यावर कुणी नुसतं बघायचं, कुणी हलवायचं, कुणी पुसायचं, हे ठरवणं म्हणजे दीपमालाचं काम. “तू नेमकं काय करून राहिली वं तिथं?” असं आई यवतमाळहून फोनवर विचारायची, आणि दीपमालाने एकदा कंटाळून सांगितलं होतं, “कोणाला काय करू द्यायचं, ते मी ठरवते.” त्यावर आई म्हणाली होती, “बरं हाय बाई. घरी तं तुले कोणी इचारलं नाही.” आईने हे सहज म्हटलं होतं की मुद्दाम, ते दीपमालाला अजून कळलेलं नव्हतं.

आणि त्या एकछत्रात एक बटण होतं. गिऱ्हाइकाची तक्रार आली की नुसतं फोनवर ऐकून काही कळत नाही. त्याला काय दिसतंय ते आपल्यालाही दिसायला हवं. म्हणून ते बटण, ‘यांच्या वतीने’. दाबलं की तुम्ही अफशीन. तिला दिसतं ते तुम्हाला दिसतं, तिला करता येतं ते तुम्हालाही करता येतं. ऑफिसातली पोरं त्याला सोंग म्हणायची. “अरे, त्या लॅबवालीचं सोंग घे ना जरा, काय म्हणतेय बघ.” दिवसातून दहा वेळा सोंगं घेतली जात आणि टाकली जात, चहा पिता पिता, आयपीएलचा स्कोअर बघता बघता. सोंगात जे कराल ते त्या माणसाच्याच नावावर चढायचं. खरा हात कुणाचा, ते कुठेच लिहिलं जात नव्हतं, आणि कंपनीच्या बाजूला उरणाऱ्या बारीकसारीक खुणा आठवड्याभरात आपोआप पुसल्या जायच्या. दीपमालाने दोन वर्षांपूर्वी म्हटलं होतं की दोन्ही नावं लिहा, कुणी केलं आणि कुणाच्या वतीने केलं. “पुढच्या रिलीजला,” महिपती सर म्हणाले होते. ते तिचे वरिष्ठ. पुढचं रिलीज आलं नि गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. भांडभांड भांडून तिच्या पदरात पडली ती एक पिवळी पट्टी: सोंग घेतलं की स्क्रीनच्या माथ्यावर झेंडूच्या रंगाची पट्टी यायची आणि तिच्यावर लिहिलेलं असायचं, आपण अमुक यांच्या वतीने काम करत आहात. पट्टीचा रंग तिने स्वतः निवडला होता. “डोळ्यात खुपतो गं,” सगळे म्हणाले होते. खुपावा म्हणूनच तर निवडला होता!

तोच रंग आता, रिक्षांच्या गर्दीतून मेथी सांभाळत घराकडे चालताना, तिच्या डोळ्यांपुढे आला. आधी नुसता रंग. मग लिंबाचा आंबट वास. मग दिग्विजयचा आवाज, “आयला!” तो तिच्या शेजारी बसायचा, आणि त्या दुपारी कागदावर पातळ पोह्यांचा चिवडा घेऊन त्यावर लिंबू पिळत होता. ती आपल्याच कामात होती. “आयला” ऐकून तिने मान वळवली नाही, नुसती डोळ्याच्या कोपऱ्याने नजर गेली, आणि तिथे, त्याच्या स्क्रीनच्या माथ्यावर, पिवळं होतं. “काय झालं रे?” “काही नाही गं. चल, चहाला चल.” ते दोघं चहाला गेले. तो सबंध चहाभर गप्प होता, आणि दिग्विजय गप्प म्हणजे आक्रीतच, तरी तिने विचारलं नाही. तो गुरुवार होता का? होता. चिवडा तो फक्त गुरुवारी आणायचा, बाकीचे दिवस त्याची बायको श्रद्धा घरून काम करायची आणि पोळीभाजी द्यायची. पण पिवळं खरंच होतं, की अफशीनच्या फोननंतर आपण ते आता रंगवतोय? मघाशी ती पोरगी म्हणाली, भेंडी की गवार सांगता येत नाही, आणि तेव्हा आपल्याला तिची दया आली. आता आपलं काय? दीपमाला रस्त्याच्या मधोमध थांबली आणि मागच्या स्कूटरवाल्याने तिला पुणेरी भाषेत विचारलं की रस्ता तिच्या नावावर आहे का.

घरी तिची रूममेट निकिता डोक्याला तेल लावून बसली होती. तिने मेथी बघितली आणि म्हणाली, “ही भाजी आणलीस की हिच्याशी मारामारी करून आलीस?” दीपमाला हसली नाही. ती पेपर पसरून मेथी निवडायला बसली. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. हात चालू राहिले आणि डोकं सरळ यवतमाळला जाऊन पोचलं. बारावीनंतर पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता. घरात चार दिवस त्यावरच बोलणं चाललं होतं, फक्त तिच्याशी नाही. मग रविवारी मामा आले. त्यांना ती पुण्याला जायला नको होती. का नको होती, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. ते बाहेरच्या खोलीत बाबांपुढे बसले आणि चहाची बशी तोंडाला लावत म्हणाले, “बापूराव, म्या इचारलं तिले. पोरीलेच नाही जायाचं पुण्याले. घाबरते म्हणते.” ती आतल्या दारात उभी होती. हाताला कणीक होती. मामांनी तिला काहीही विचारलं नव्हतं, कधीच नाही. पण ते इतक्या सहज बोलले आणि बाबांनी इतक्या सहज मान हलवली की तिला वाटलं, आपण म्हटलं असेल. कधीतरी, बोलता बोलता, जाऊ दे म्हटलं असेल. हाताची कणीक वाळून खडबडीत झाली तरी ती दारातच उभी होती. मग यवतमाळच्याच कॉलेजात चार वर्षं गेली, आणि पहिली दोन वर्षं तर ती मैत्रिणींना स्वतःच सांगायची की मलाच नव्हतं जायचं. किती छान सांगायची! कारणंसुद्धा द्यायची, पुण्याची गर्दी, हॉस्टेलचं जेवण. नोकरी लागून ती पुण्याला निघाली त्या दिवशी एसटी स्टँडवर बाबांना म्हणाली, “बाबा, तेव्हा मी नाही म्हटलंच नव्हतं.” बाबा बॅग वर चढवत होते. ते थांबले, तिच्याकडे बघितलं आणि रागावून नाही, खरंच कळावं म्हणून विचारलं, “मंग तवा काऊन नाही बोलली?” बस सुटली. गेल्या नऊ वर्षांत पुण्यात तिने घर बदललं, नोकरी बदलली, केस कापले, पण तो प्रश्न काही सुटला नाही.

मेथी निवडून झाली. अफशीन उद्या बारा वाजता आपल्या तोंडाने सांगणार की ते मीच केलं. मग पुढच्या नोकरीत सांगणार, नवऱ्याला सांगणार, पोराबाळांना सांगणार की एकदा माझ्या हातून असं झालं होतं बरं का. आणि तिलाही कारणं सापडतील, अगदी छान कारणं. “नाही,” दीपमाला एवढ्या मोठ्याने म्हणाली की निकिताने तेलाची वाटी खाली ठेवली. “काय नाही?” “काही नाही. उद्या मला सकाळी लवकर जायचंय.”

सकाळी दिग्विजय ऑफिसच्या पँट्रीत भेटला. मशीनच्या चहात साखर घातलेलीच असते, तरी तो चमचा घेऊन ढवळत होता. “त्या गुरुवारी तू अफशीनच्या सोंगात होतास,” दीपमाला म्हणाली. प्रश्न विचारला असता तर त्याने काहीतरी टोलवाटोलवीचं उत्तर दिलं असतं. तिने प्रश्न विचारलाच नाही. तो ढवळत राहिला. कुठला गुरुवार, हे विचारायलाही विसरला. मग हळू म्हणाला, “मला वाटलं मी प्रतिकृतीत आहे.” लॅबच्या खात्याची एक हुबेहूब प्रतिकृती त्यांनी चाचणीसाठी करून ठेवली होती, तोच जांभळा रंग, तीच नावं. त्याला तिच्यातला साठा रिकामा करायचा होता. सकाळपासून अफशीनची एक तक्रार बघायला तिचं सोंग घेतलेलं होतं, ते टाकायचं राहिलं. दोन खिडक्या शेजारी शेजारी, दिसायला सारख्या. “पट्टी दिसत होती गं. पण ती इतकी रोजची झालीय की दिसतच नाही.” दीपमालाला हसू आलं आणि त्याच वेळी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. “मग सांग ना जाऊन. बारा वाजता तिच्याकडून कबुली आणि राजीनामा घेणार आहेत, तोपर्यंत वेळ आहे.” त्याने खिडकीबाहेर बघितलं. “श्रद्धाला आठवा महिना लागलाय. आत्ता काढलं मला तर? त्या पोरीला निदान राजीनामा तरी देऊ देतायत.” तो वाईट माणूस नव्हता. तिला डेंगी झाला तेव्हा रोज शहाळं घेऊन हा दारात उभा राहायचा. ते त्याने आत्ता बोलून दाखवलं नाही, आणि त्यामुळे ते तिला जास्त लागलं. “मी तुझं नाव घेणार नाही,” ती म्हणाली, “ते तू सांगायचं. पण ती नव्हती, हे मी सांगणार.” “अगं, म्हणजे तेच झालं की!” “नाही. तेच नाही.”

महिपती सरांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते नेहमीच शांतपणे ऐकायचे. त्यांच्या केबिनमधून बाहेर पडल्यावरच माणसाला कळायचं की आपलं काही ऐकलं गेलेलं नाही. “बघ दीपमाला, आपण काय विकतो? विश्वास. आपली नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सेल्सवाले सगळीकडे सांगत फिरतात. उद्या शंभर गिऱ्हाइकं विचारतील, आमच्या नोंदीत कुणाचे हात आहेत? मग काय सांगू? आणि तुझ्याकडे पुरावा काय? पिवळी पट्टी. तीही डोळ्याच्या कोपऱ्याने बघितलेली.” पुरावा नव्हताच. दिग्विजयने पँट्रीत सांगितलेलं तो इथे सांगणार नव्हता. मग सरांचा आवाज मऊ झाला. “तू नको टेन्शन घेऊ. त्या लॅबचे रंगरावसाहेब माझ्या ओळखीचे आहेत. मी बोलतो त्यांच्याशी, पोरीला जरा सांभाळून घ्या म्हणून. तुझ्या वतीने मीच बोलतो, झालं?”

कणकेचा हात. चहाची बशी. म्या इचारलं तिले. ती खुर्चीवरून उठली. “नको सर,” ती म्हणाली. “माझ्या वतीने नको. मी जाते.” “कुठे जातेस? तुला कुणी सांगितलंय जायला? परवानगी नाही तुला.” “अर्धा दिवस रजा टाकलीय,” ती म्हणाली आणि लॅपटॉपची बॅग खांद्यावर घेतली. खाली येऊन तिने रामवाडीच्या मेट्रोला जायला रिक्षा पकडली, रिक्षावाल्याशी नेहमीसारखी घासाघीस केली आणि त्यामुळे तिला जरा बरं वाटलं.

मेट्रोत गार होतं. समोर कॉलेजची दोन पोरं एकाच हेडफोनचं एकेक टोक कानात घालून बसली होती. तू काय सांगणार आहेस तिथे? तिने स्वतःला विचारलं. मला आठवतंय, असं? त्या पोरीलाही आठवत होतं. नोंदीपुढे तिची भेंडी चालली नाही, तर तुझी पट्टी कशी चालेल? नोकरी जाईल. जाऊ दे. जाऊ दे कशी? आईला काय सांगशील? खिडकीतून मुळा-मुठेचं हिरवट पाणी मागे गेलं, आणि तिला वाटलं अजून परत फिरता येईल, पुढच्या स्टेशनवर उतरायचं, पलीकडच्या फलाटावर जायचं, कुणाला कळणारसुद्धा नाही. आणि मग एक दिवस आपणच सांगू की मलाच नव्हतं जायचं. ती उठली नाही. सिव्हिल कोर्टला गाडी बदलायला सरकत्या जिन्यांवरून खोल खाली उतरताना ती विचार करत होती की लोक कशावर विश्वास ठेवतात. जे लिहिलेलं आहे त्यावर. ठीक आहे, मग त्यांना लिहिताना दाखवू. मंडई गेली, आणि स्वारगेट येईपर्यंत काय करायचं ते तिने पक्कं ठरवलं होतं. एकदा ठरल्यावर तिला भूक लागली. सकाळपासून काही खाल्लं नाही हे तेव्हा आठवलं.

लॅबच्या ऑफिसात रक्त द्यायला आलेल्यांची रांग होती. सुशीलाबाई नावाच्या जाड चष्म्याच्या बाई सगळ्यांना जागेवर बसवत होत्या. त्यांनी तिलाही बसवलं, उपाशीपोटी आहात ना म्हणून विचारलं, आणि ती हो म्हणाल्यावर तपासणीच्याच रांगेत लावत होत्या. कशीबशी सुटका करून घेऊन दीपमाला आपलं नाव नि कंपनी सांगत रंगरावांच्या केबिनमध्ये शिरली. आत टेबलाच्या या बाजूला एक लहानखुरी मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. हीच अफशीन. आवाजावरून वाटली होती त्याहून खूपच लहान. “बसा,” रंगराव म्हणाले. साठीचे, कडक इस्त्रीचे. “खुर्चीला परवानगी लागत नाही. तुमच्या महिपतींचा फोन आला होता की तुम्हाला इकडे यायची परवानगी नाही, तुम्ही येणार नाही. आणि तुम्ही तर आलात. म्हणजे तुमच्या कंपनीच्या कुठल्याच माहितीचा भरवसा नाही म्हणायचा.”

“तेच सांगायला आलेय,” दीपमाला म्हणाली. “साठा अफशीनने पुसलेला नाही.”

“नोंदीत तिचं नाव आहे. नोंद तुमचीच आहे. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, असा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.”

“सर, दोन मिनिटं द्या. आणि तुमच्या परवानगीने, दोन्ही हात टेबलावर ठेवा. मला दिसतील असे.”

रंगरावांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. आयुष्यात त्यांना असं कुणी सांगितलं नसावं. “हे जादूचे प्रयोग आहेत का?” असं म्हणत त्यांनी हात ठेवले मात्र. दीपमालाने लॅपटॉप उघडला. नोकरीत सोंग घ्यायची तिची ही शेवटची वेळ असणार, हे तिला ठाऊक होतं. बटण दाबलं. माथ्यावर पिवळी पट्टी आली: आपण रंगराव सबनीस यांच्या वतीने काम करत आहात. लॅबच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना जाणाऱ्या सूचनांच्या पानावर ती गेली आणि तिने टाइप केलं, ‘आज चार वाजता सर्वांना माझ्यातर्फे चहा आणि सामोसा.’ पाठवलं. बाहेर एक फोन वाजला, मग दुसरा, मग काउंटरवर कुणीतरी “काय?” म्हणून ओरडलं. तिने लॅपटॉप फिरवून रंगरावांसमोर धरला. सगळ्यात वरची ओळ ताजी होती. आजची तारीख, आत्ताची वेळ, सूचना पाठवली, रंगराव सबनीस.

“सर, हे तुम्ही केलंत,” ती म्हणाली. “नोंद आहे.”

रंगराव आपल्या हातांकडे बघत राहिले. हात टेबलावरच होते, दोन्ही. एवढ्यात दार उघडून सुशीलाबाई आत डोकावल्या आणि चष्मा सारखा करत म्हणाल्या, “साहेब, मोबाइलवर आलंय ते खरं का हो? की कुणी चावटपणा केलाय? तुम्ही आणि सामोसे म्हणजे...” पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. रंगरावांनी त्यांच्याकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं, मग अफशीनकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. महिनाभर ते तिच्याशी काय काय बोलले असतील, ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून हळूहळू सरकत गेलं. “सांगा त्यांना,” ते शेवटी म्हणाले, “चहा आहे. सामोसेही आहेत.” सुशीलाबाई गेल्या. “मग पुसलं कुणी?”

“आमच्याकडच्या हाताने. चुकून. नाव सांगायचं काम त्या माणसाचं आहे, किंवा कंपनीचं. पण ती अफशीन नव्हती, हे मी सांगते. झालं तेव्हा मी तिथेच होते.”

“लिहून द्याल?”

“देते.”

“कंपनीच्या वतीने?”

“नाही,” दीपमाला म्हणाली. “माझ्या नावाने. दीपमाला बापूराव भोयर.” लॅपटॉप परत आपल्याकडे वळवून त्यांनी पुढे केलेल्या कागदावर ती लिहायला लागली. अक्षर नेहमीपेक्षा मोठं येत होतं, ते तिने येऊ दिलं. दुसऱ्या ओळीवर असताना तिच्या समोरच्या उघड्या लॅपटॉपची स्क्रीन एकदा लुकलुकली. एकछत्रातून ती बाहेर फेकली गेली होती. तिच्याच हाताने कधीतरी लिहिलेलं वाक्य तिच्यासमोर आलं, आपल्याला यासाठी परवानगी नाही. खराडीत कुणीतरी बटण दाबलं होतं. तिला वाटलं होतं आपण घाबरू. भीती वाटलीही. उद्या घरभाडं आहे, आई आहे. पण हात थांबला नाही. तिने ओळ पुरी केली, खाली सही केली आणि मनातल्या मनात एसटी स्टँडवर बॅग वर चढवणाऱ्या माणसाला म्हणाली, बाबा, बोलले बघा.

मान वर केली तेव्हा अफशीन तिच्याकडे बघत नव्हती. ती कुठेच बघत नव्हती. बोटाला गुंडाळलेलं ओढणीचं टोक सुटलं होतं आणि ओठ हलत होते. एखादी हरवलेली वस्तू घरातच सापडावी तसं काहीतरी तिच्या तोंडावर पसरत गेलं, आणि मग ती रडायला लागली, महिनाभराचं, मोठ्याने, रंगरावांसमोर.

“भेंडीच होती, मॅडम,” ती म्हणाली. “त्या दिवशी भेंडीच होती.”